मदत हवी आहे: जॅकवेलच्या प्रतिकृतीतला पीळ आणि सीएफडीतला पीळ, नेमकं काय जुळवायचं?

नमस्कार मंडळी,

पंप संप (पंप जिथून पाणी घेतात ती टाकी), जलविद्या किंवा सीएफडीत (संगणकावर प्रवाहाचं गणित) काम करणाऱ्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण घोळ तपशिलातच आहे.

एका पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलची (जिथून पंप पाणी उचलतात त्या विहिरीची) १:१० प्रतिकृती आम्ही बांधली आहे. तीन कप्पे, तीन पंप; एका वेळी दोन चालणार, तिसरा राखीव. प्रत्यक्षात एका पंपाचा विसर्ग ३ घनमीटर प्रतिसेकंद आहे. अमेरिकेच्या हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.८ मानकानुसार एका पंपाचा विसर्ग २५२० लिटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की प्रतिकृतीची चाचणी लागतेच, त्यामुळे ती टाळण्याचा प्रश्न नव्हता. फ्रूड नियमाने (मोकळ्या पृष्ठभागाच्या प्रवाहाचं प्रमाण राखणारा नियम) प्रतिकृतीत ९.५ लिटर प्रतिसेकंद सोडतो. बेलमाउथ (पाइपाचं घंटेसारखं तोंड) १५० मिमी, सक्शन पाइप १०० मिमी. बेलमाउथपाशी रेनॉल्ड्स अंक (चिकटपणाचा प्रभाव किती ते सांगणारा) ८० हजारांच्या आसपास येतो, म्हणजे मानकाच्या ६० हजारांच्या वर. पृष्ठताणाचा प्रभाव सांगणारा वेबर अंकही सुरक्षित आहे. प्रतिकृती लहान पडल्यामुळे काही बिघडतंय असं वाटत नाही.

पाइपात शिरणारं पाणी किती गोल फिरतं, म्हणजे त्याचा पीळ, मोजायला पाइपात चार पात्यांचा स्वर्ल मीटर बसवला आहे. १ आणि २ नंबरचे पंप चालू ठेवले की २ नंबरच्या पाइपात मिनिटाला सरासरी २८ फेरे मोजले गेले. पाइपातला वेग १.२१ मीटर प्रतिसेकंद धरून पिळाचा कोन ६.९ अंश येतो. मर्यादा ५ अंशांची. म्हणजे डिझाइन नापास.

इकडे ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये तीच भूमिती घेतली. २८ लाख सेलची मेश (गणितासाठी केलेले लहान तुकडे), रिअलायझेबल के-एप्सिलॉन (प्रवाहातल्या खळबळीचं एक प्रारूप), स्थिर अवस्था (काळानुसार न बदलणारं उत्तर), पाण्याचा पृष्ठभाग सपाट झाकणासारखा धरलेला, कालव्याच्या तोंडाशी सगळीकडे सारखा वेग. पीळ आला २.५ अंश. म्हणजे डिझाइन पास! एकाच जॅकवेलबद्दल दोन उलट निकाल आले, आणि दोन्ही माझ्याच वहीत.

मग मी पोटॅशियम परमँगनेटचं पाणी पिचकारीने तळाशी सोडून ॲक्रिलिकच्या भिंतीतून बघत बसले. तळावरून जांभळा दोरा उठतो, बेलमाउथच्या ओठाखाली शिरतो, पाच-सात सेकंद घट्ट पिळलेला राहतो आणि एकदम विस्कटतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतो, पण या वेळी पीळ उलट्या दिशेचा. स्वर्ल मीटरही तसाच वागतो: एका बाजूला फिरतो, थबकतो, उलटा फिरतो. साधारण ४०-५० सेकंदांत दिशा पालटते. आम्ही फेरे मोजताना दिशा लिहितच नव्हतो.

म्हणून १० मिनिटांचा व्हिडिओ घेतला, त्याचे ३० सेकंदांचे वीस तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात घड्याळाच्या दिशेचे फेरे अधिक, उलटे वजा असं मोजलं. निव्वळ सरासरी मिनिटाला ११ फेरे, म्हणजे २.७ अंश. सीएफडीच्या २.५ च्या अगदी शेजारी. आमच्याकडे सगळे खूश झाले. मलाही क्षणभर हायसं वाटलं.

पण प्रवेशाचा वेग माझ्या मनात सलत होता. कालव्याला वरच्या अंगाला वळण आहे, तिथून पाणी सारख्या वेगाने येईल कसं? फोरबेच्या (कप्प्यांआधीच्या मोकळ्या जागेच्या) सुरुवातीला एडीव्हीने (ध्वनिलहरींनी वेग मोजणाऱ्या प्रोबने) २४ बिंदूंवर वेग मोजला. डाव्या काठाचा वेग उजव्याच्या जवळजवळ दीडपट निघाला. हाच मोजलेला वेग सीएफडीला प्रवेशाशी दिला, तर पीळ २.५ वरून ४.१ अंशांवर गेला. म्हणजे आधी आकडे जुळले होते ते चुकीच्या कारणाने, आणि प्रवेश खरा दिल्यावर बिघडले. के-एप्सिलॉनचे स्थिरांक फिरवून २.७ आणता येईल, पण ते मला करायचं नाही. ज्या आकड्यावर पुढे पंपाच्या बेअरिंगचं आयुष्य आणि गावांचं पाणी अवलंबून आहे, तो असा ओढूनताणून जुळवणं बरोबर नाही.

माझी समजूत अशी: दुभाजक भिंतीच्या नाकापाशी पाणी भिंत सोडतं, तिथलं हेलकावणं हेच दिशा पालटण्याचं मूळ आहे आणि स्थिर गणित ते पुसून टाकतं. तेव्हा के-ओमेगा एसएसटी हे दुसरं प्रारूप घेऊन, भोवऱ्यासाठीची वक्रता दुरुस्ती लावून कालावलंबी गणित करायचं ठरवलं आहे. पण ०.००२ सेकंदाच्या टप्प्याने १० मिनिटं चालवायची म्हणजे तीन लाख टप्पे, आणि माझ्याकडे आहेत १६ कोअर. स्थिर उत्तरापासून सुरू करून, पहिली ३० सेकंदं टाकून पुढची १५० सेकंदं घेतली तर त्यात दिशा जेमतेम तीन-चार वेळा पालटेल. तेवढ्यावर सरासरी मांडणं धोक्याचं वाटतं. कुणी हे केलं असेल तर सरासरीऐवजी काय ताडून पाहिलंत? मला ३० सेकंदांच्या कमाल पिळाचं वितरण आणि दिशा पालटण्याचा काळ ही दोन मापं जास्त प्रामाणिक वाटतात.

दुसरं, एडीव्हीमधून प्रवेशाची टर्ब्युलन्स तीव्रता (वेगातल्या चढउतारांचं प्रमाण) १८ टक्के येते. मी ५ धरली होती. ७० टक्क्यांखालच्या कोरिलेशनचे (संकेत किती विश्वासार्ह त्याचं माप) नमुने काढून टाकले, उसळ्याही गाळल्या, तरी यात उपकरणाचा स्वतःचा गोंगाट किती आणि पाण्याचा किती हे कसं वेगळं करता? बेलमाउथखाली तर प्रोब घालायची हिंमतच होत नाही. तो ५ सेंटिमीटर खालचं मोजतो हे खरं, पण त्याची दांडी तिथे असली की रंगाचा दोरा उठतच नाही, हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. पीआयव्ही (पाण्यातल्या कणांचे फोटो घेऊन वेग मोजायची यंत्रणा) आमच्याकडे नाही.

पृष्ठभागावर फक्त हलकी खळी पडते, हवा ओढली जात नाही, त्यामुळे सपाट झाकण चालेल असं धरलं आहे. चुकत असेल तर सांगा.

खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा प्रतिकृतींवर काम केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं होईल. प्रतिकृती महिनाअखेरीपर्यंत उभी आहे, त्यामुळे एखादं माप नव्याने घ्या म्हणालात तर लगेच घेता येईल. व्हिडिओ आणि एडीव्हीची फाइलही देऊ शकते.