शब्दचर्चा : भाज्य, अभाज्य, मूळ, संयुक्त

प्रश्न : ग्वाल्हेरात मुलं गणित हिंदीतून शिकतात आणि घरी आजी-आजोबा मराठीतून समजावतात. ‘1,23,45,679 भाज्य की अभाज्य?’ याला मराठीत काय म्हणावं? हिंदी शब्द तसेच घेतले तर काय बिघडतं?

प्रतिसाद : ‘भाज्य’ इथे बिघडतं. मराठी शाळेत भाज्य, भाजक, भागाकार, बाकी ही चौकडी. भाज्य म्हणजे जिला भागायचं ती संख्या. ते तिचं त्या गणितापुरतं स्थान, गुणधर्म नव्हे. हिंदीत हा अर्थ आहेच, वर ‘भाज्य संख्या’ हा गुणधर्मही आहे. 3,33,667 ला 37 ने भागा : भागाकार 9,018, बाकी 1. इथे भाज्य 3,33,667, आणि हिंदीत तीच संख्या अभाज्य! मराठीत गुणधर्माची जोडी वेगळी, मूळ (फक्त 1 आणि स्वतःनेच भाग जाणारी) आणि संयुक्त (आणखी कशाने तरी भाग जाणारी), म्हणून हा घोळ होत नाही. (1 दोन्हींत नाही.)

तुमची संख्या संयुक्त आहे : 37 × 3,33,667. ‘गुणनखंड’ला मराठीत अवयव म्हणतात, आणि अवयव ‘पाडतात’. मूळ अवयव दोन. विभाजक मात्र चार, कारण 1 आणि ती संख्या स्वतःही धरायची.

दुसरा प्रतिसाद : 37 सापडतो कसा, तेही सांगायला हवं. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा : 679 + 345 + 12 = 1,036; पुन्हा 36 + 1 = 37. 999 = 27 × 37 असल्याने ही कसोटी चालते. या संख्येच्या अंकांची बेरीजही 37 येते, पण तो योगायोग. अंकांच्या बेरजेची कसोटी 3 आणि 9 पुरतीच. ती 37 ला लावली की पुढच्याच गणितात मूल फसतं.

3,33,667 मूळ आहे हे तपासायला 577 पर्यंतच्या 106 मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल. वाट जवळची आहे : 3 × 3,33,667 = 10,01,001, आणि 10,01,001 × 999 = 99,99,99,999. त्यामुळे 3,33,667 च्या कोणत्याही मूळ अवयवाने 10, 100, 1,000 अशा घातांना भागत गेलं तर बाकी 1 पहिल्यांदा नवव्या घाताला येते; म्हणून तो अवयव 9 ने, आणि विषम असल्याने 18 नेही, भागल्यावर बाकी 1 देणाराच असणार. 19, 37, 73, 109 अशा 577 पर्यंत फक्त 17 मूळ संख्या उरतात, आणि एकीनेही भाग जात नाही.

तिसरा प्रतिसाद : मराठी शब्दही पूर्ण निर्धोक नाही. ‘मूळ संख्येला 37 ने भागा’ या वाक्यात मूळ म्हणजे अविभाज्य की आधी दिलेली? तिथे ‘दिलेली संख्या’ असंच लिहावं. वर्गमूळ शेजारी आलं तर गोंधळ आणखी वाढतो.

‘सहमूळ’ (1 शिवाय समान विभाजक नसलेल्या संख्या) हेही नीट सांगा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. 876 च्या शिलालेखात बागेची मापं 270 आणि 187 हस्त (हात) अशी आहेत. 270 मधलं ते शून्य भारतातल्या जुन्या कोरीव शून्यांपैकी एक म्हणून प्रसिद्धच आहे. 270 = 2 × 3 × 3 × 3 × 5 आणि 187 = 11 × 17. दोन्ही संयुक्त, तरी परस्परांशी सहमूळ : मसावि 1, लसावि 50,490. हिंदीतलं ‘सह-अभाज्य’ ऐकून दोन्ही संख्या अभाज्य हव्यात असं मुलं धरून चालतात. ही जोडी दाखवली की तो समज जातो.