मेलेलं माकड नक्की कुठल्या खात्याचं? व्हेट (गुरांचा डॉक्टर) असून आरोग्य विभागात काम करणारं कोणी आहे का इथे

शेवटचं_वर्ष_व्हेट
नमस्कार मंडळी. बीव्हीएससीच्या (व्हेटच्या डिग्रीच्या) शेवटच्या वर्षाला आहे, गाव तळकोकणात. मागच्या आठवड्यात घरी आलो तर काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला एक माकड मरून पडलेलं. आमच्या पट्ट्यात २०१६ पासून माकडताप (माकडांना आणि गोचिडी चावून माणसांना होणारा विषाणूचा ताप) म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे पप्पांनी लगेच फोन लावले. एका ऑफिसात म्हणाले वन्यप्राणी आहे, वनवाल्यांना सांगा. वनवाले म्हणाले पोस्टमॉर्टेम डॉक्टर करणार, गुरांच्या दवाखान्यात सांगा. दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या टोकाच्या गावात लसीकरणाला गेलेले. शेवटी आरोग्यवाल्यांना फोन केला तर विचारतात घरात कोणाला ताप आहे का, नाही ना, मग कळवा आला की. संध्याकाळपर्यंत कुत्र्यांनी अर्धं खाल्लं होतं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. एमव्हीएससीला (व्हेटची मास्टर्स) व्हेटरनरी पब्लिक हेल्थ अँड एपिडेमिऑलॉजी (प्राण्यांकडून माणसाला होणारे रोग आणि साथींचा अभ्यास) घ्यावं असं वाटतंय पण घरचे म्हणतात एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी (सरकारी गुरांचा डॉक्टर) हो आणि गप बस. जिल्हा पातळीवर असं काम करणारे व्हेट खरंच असतात का, आणि दिवसभर नक्की करतात काय? कॉलेजात एवढंच शिकवलं की साथ आली की नमुने घ्यावेत.

साथवाला_व्हेट
असतात. कमी आहेत पण असतात. मी मूळचा व्हेट, नंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलं, आता एका जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षात कंत्राटी एपिडेमिऑलॉजिस्ट आहे (दर वर्षी ऑर्डर रिन्यू होते का नाही ही धाकधूक पगारात धरलेली आहे).

दिवसभर काय करतो तर फोन. खरंच सांगतो, अर्धं काम फोन. सकाळी पोर्टल उघडायचं, आरोग्यसेविकांचे एस फॉर्म, मेडिकल ऑफिसरचे पी फॉर्म, लॅबचे एल फॉर्म, कुठल्या उपकेंद्रात तापाचे पेशंट नेहमीपेक्षा जास्त दिसतात ते बघायचं आणि मग तिथल्या सिस्टरला फोन. पण हा सगळा डेटा माणसाचा आहे, आणि माकडतापात माणसाचा आकडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माकडतापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात, म्हणून त्याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तेव्हासुद्धा आधी माकडं मेली होती. वानर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही या विषाणूला बळी पडतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड झालेलं अंग सोडून खाली पाल्यात उतरतात, आणि तो दहा-वीस पावलांचा तुकडा पुढचे काही आठवडे सगळ्यात धोक्याची जागा होऊन बसतो. म्हणजे मेलेलं माकड ही आपल्याला आधी मिळालेली सूचना आहे. ते वेळेत कळलं तर तिथे मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकता येते, आजूबाजूच्या वाड्यांत तापाच्या पेशंटचा घरोघर शोध घेता येतो, लोकांना काही आठवडे त्या बाजूला जाऊ नका म्हणता येतं. नाही कळलं तर मग आपल्याला कळतं ते थेट आयसीयूतून.

आता गुरांचं बघ, इथे व्हेट लागतोच. गुरांना माकडताप होत नाही म्हणून पशुसंवर्धनवाले हात झटकतात. पण पावसाळ्यात मोठी गोचीड रक्त पिते ती रानात चरणाऱ्या गुरांवर, तिथून खाली पडून अंडी घालते, आणि त्याच अंड्यांतून निघालेली पिढी वाढत वाढत थंडी-उन्हाळ्यात बारीक, तिळाएवढी होऊन माणसाला चावते. डिसेंबर ते मे हा सीझन त्यामुळेच. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे काजू आणि पातेरा (झाडाखालचा सुका पाला) गोळा करायचे दिवस. हा सगळा वर्षाचा फेरा डोक्यात धरून कुठल्या वाडीतली गुरं कुठल्या रानात जातात हे विचारणारा माणूस मीटिंगमध्ये लागतो, एमबीबीएसवाल्याला ते सुचत नाही, त्याचा दोष नाही, त्याला शिकवलेलंच नसतं.

दुसरं उदाहरण कुत्रा चावल्याचं. रिपोर्टात येतं अमुक केंद्रात इतके, तमुक केंद्रात तितके, सगळ्यांना लस दिली, विषय संपला. एकदा मी सहज तीन केंद्रांच्या रजिस्टरातले पत्ते जोडून बघितले तर तीन गावांतल्या सात जणांना चावलेला कुत्रा एकच निघाला, तांबडा, शेपूट तुटका. पेशंट सात, कुत्रा एक, आणि कुत्रा दहा दिवस जिवंत राहिला का (राहिला तर चावताना त्याच्यात रेबीज नव्हता हे कळतं) हे कोणीच बघितलेलं नव्हतं. रजिस्टरात कुत्र्याला कॉलमच नाही!

बाराचा_टॅग
वरच्या साहेबांचं पटलं पण आमचीही बाजू ऐका. मी तोच "दुसऱ्या टोकाच्या गावात गेलेला" डॉक्टर आहे समजा. माझ्याकडे माझा दवाखाना आणि अजून दोघांचा चार्ज. लाळ्या-खुरकूतचं लसीकरण वर्षातून दोनदा, प्रत्येक जनावराला बारा आकडी टॅग, त्याची ऑनलाइन नोंद रात्री घरी बसून, २०२२ ला लंपी आली तेव्हा तर रविवार कसा असतो विसरलो होतो. त्यात माकडाचा फोन आला की जायचं कशात, पीपीई किट कोण देणार, नमुना ठेवायला बर्फाची पेटी कुठून आणायची? आणि वन्यप्राण्याला वनखात्याच्या माणसाशिवाय हात लावला तर उद्या पंचनाम्यात माझं नाव. एकदा किट नसताना नुसते ग्लोव्हज घालून माकड उघडलंय मी, आणि नंतर आठ दिवस रोज ताप मोजत होतो. बायकोला सांगितलं नाही.

पोरा, एमपीएससी वाईट नाही. पण हे काम करायचं असेल तर अशा जागी जा जिथे हेच तुझं काम असेल, जादाचं नाही.

काजूची_बाय
मी डॉक्टर वगैरे नाही, आमची बाग आहे. आईला झाला होता माकडताप त्यामुळे लिहिते. आधी डेंगू म्हणाले, मग लेप्टो म्हणाले, डोकं असं दुखायचं की ती उजेड सहन करत नव्हती, आठ दिवसांनी बरी वाटली आणि परत ताप आला. रिपोर्ट मणिपालच्या लॅबवरून आला तेव्हा कळलं. वाचली, देवाची कृपा.

पण एक सांगते जे तुमच्या फॉर्ममध्ये येणार नाही. माकड मेलेलं दिसलं तरी बरेच जण सांगत नाहीत. का तर गाडी येते, पावडर मारतात, बाग बंद, आणि मग तिथल्या बिया घ्यायला व्यापारी कां कूं करतो. सीझन दोन-अडीच महिन्यांचा, वर्षाचा पैसा त्यात. मग माणूस काय करतो, काठीने ढकलून देतो माकड खाली व्हाळात (ओढ्यात). गोचीड चावू नये म्हणून ते अंगाला लावायचं तेल देतात ते पण घामाने जातं आणि पोरी म्हणतात वास येतो. आमच्याकडे एक आशाताई होती ती तेल द्यायला घरी न येता सकाळी सात वाजता बागेच्या बेड्याशीच (फाटकाशी) उभी राहायची, समोर लावल्याशिवाय आत सोडायची नाही. त्या वर्षी आमच्या वाडीत कोणी आजारी पडलं नाही. आता तेलामुळे की नशिबाने ते तुम्ही शिकलेले सांगा.

साथवाला_व्हेट
@काजूची_बाय ताई, व्हाळात ढकलण्याचा मुद्दा मी पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव न घेता मांडणार आहे. आम्ही माकडं मेली नाहीत म्हणून नकाशावर जो भाग हिरवा दाखवतो तो खरंच हिरवा आहे का लोक गप्प आहेत हे वेगळं करता येत नाही आम्हाला.

परदेशी_गवळी
मी मुंबईच्या परळच्या कॉलेजचा, सध्या अमेरिकेत एका काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटमध्ये हेच काम करतो. इथे कुत्र्यांमधला रेबीज संपवलाय, तरी माझे बहुतेक फोन रेबीजचेच, कारण वटवाघूळ, रॅकून, स्कंक. रात्री झोपलेल्या पोराच्या खोलीत वटवाघूळ सापडलं की चावल्याची खूण नसली तरी ते पकडून टेस्टला पाठवायचं, नाही सापडलं तर पोराला लस. सांगायचं काय तर इथे "प्राणी कोणाचा" हा प्रश्न आधीच कागदावर सुटलेला आहे, पकडणार कोण, डोकं कापून पाठवणार कोण, रिझल्ट घरच्यांना सांगणार कोण, सगळ्यांचे नंबर एका पानावर. माझी हुशारी त्यात काही नाही, ते पान माझ्या आधीच्या बाईंनी करून ठेवलं होतं. आणि लांब कशाला जाता, गोव्यात बघा, कुत्र्यांचं लसीकरण वाडीवाडीत जाऊन मोबाइलवर नोंद ठेवत केलं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

शेवटचं_वर्ष_व्हेट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @साथवाला_व्हेट दादा, दोन प्रश्न. एक, एमव्हीएससी की एमपीएच? दोन, आत्ता या घडीला पप्पांनी काय करावं, अजून एखादं माकड दिसलं तर?

साथवाला_व्हेट
आधी दुसरा. हात लावायचा नाही, कुत्रे बांधून ठेवायचे, लांबून फोटो आणि लोकेशन. मग तालुका आरोग्य अधिकारी, वनरक्षक आणि पशुधन विकास अधिकारी तिघांनाही एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पाठवायचं, वेगवेगळे फोन करायचे नाहीत. तिघांना दिसतं की बाकी दोघांना कळलंय, मग कोणीतरी हलतंच. नमुना ताजा पाहिजे, उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत हाती काही लागत नाही. जे माकड कुत्र्यांनी खाल्लं त्या जागेवर सध्या कोणी पातेरा काढू नका, आणि बागेत जाणाऱ्या कोणाला पुढच्या आठवडा-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप आला तर डॉक्टरला माकडाचं आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

पहिल्याचं, पशुवैद्यकीय बाजूने संशोधन, लॅब, शिकवणं हवं तर एमव्हीएससी. आरोग्य विभागाच्या जाहिरातीत जास्त करून एमपीएच मागतात, काहींत व्हेट चालतो काहींत नाही, पात्रता नीट वाच. पण त्याआधी इंटर्नशिपमध्ये एक महिना कुठल्यातरी जिल्ह्याच्या सर्वेक्षण कक्षात येऊन बस. पगार नाही, चहा आहे. मेसेज कर.

बाराचा_टॅग
@साथवाला_व्हेट तो व्हॉट्सॲपचा उपाय आमच्या तालुक्यात करतो उद्यापासून. ग्रुपचं नाव काय ठेवू?

काजूची_बाय
"माकड कोणाचं" ठेवा 😄