अनुभव धागा: लाइव्हवर सोंग घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच मंडळी आता लाइव्हवर पात्र होऊन गोष्ट सांगतात. सोंग आपल्याला नवं नाही. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांवर रात्रभर जिवंत देखावे होतात. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पण चित्ररथावरच्या मावळ्याला कुणी मधेच "जेवलास का?" विचारत नाही. लाइव्हवर विचारतात. तेव्हा तुम्ही काय करता? पात्र कसं सुचलं, कुठं निसटलं, मोकळेपणानं लिहा.

वडगावहून
आमच्या घरी माग होता, म्हणून माझी आज्जीही मागावरची. नऊवारी, चष्मा, हातात अडकित्ता. पहिले तीन लाइव्ह मी गोष्ट लिहून वाचली. लोक यायचे, मिनिटभर थांबायचे, जायचे. चौथ्या वेळी कुणीतरी लिहिलं, "आज्जी, पाऊस पडूलाय काय तिकडं?" मी कागद बाजूला ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हटलं, "पडूलाय की रे पोरा, वाळवण भिजलं सगळं." त्या रात्री पहिल्यांदा माणसं शेवटपर्यंत बसली.

खरी अडचण उशिराची. "आता राजानं काय केलं असेल?" असं विचारलं की ते त्यांच्यापर्यंत काही सेकंदांनी पोचतं, टाइप होऊन उत्तर यायला आणखी वेळ. ती शांतता खायला उठायची. आता तेवढ्यात आज्जी सुपारी कातरते. कट्, कट्, मग एक मोठा तुकडा ताटलीत पडतो, तोवर उत्तरं आलेली असतात. यूट्यूबवर उशीर कमी करायची सेटिंग आहे, पण नेट कच्चं असलं की चित्र अडकतं. मी त्या वाटेला जात नाही.

खानापूरहून
भीमगडच्या जंगलाकडच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगतो. जुलैत भर गोष्टीत लाइट गेली, नेट गेलं. परत आलो तर बघणाऱ्यांनी चॅटमध्ये शेवट रचून ठेवला होता, माझ्यापेक्षा सरस. तोच पुढं चालवला.

चिकोडीहून
माझा एसटीतला कंडक्टर दोन्ही भाषा बोलतो. कुणी "ऊटा आतेन्री?" विचारलं की कानडीत, "जेवण झालं का?" विचारलं की मराठीत उत्तर. सुरुवातीला चॅटमध्ये सीमाप्रश्नावरून जुंपायची. मी स्लो मोड लावला, म्हणजे एका माणसाला लागोपाठ लिहिता येत नाही, आणि काही शब्द अडवले. पण कंडक्टर म्हणून "पुढं सरका, सगळ्यांना जागा आहे" म्हटल्यावर जितका फरक पडला तितका सेटिंगनं पडला नाही. सांगलीत 1843 साली विष्णुदास भावेंनी पहिलं मराठी नाटक केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, हे मला फार मोलाचं वाटतं.

निपाणीहून
मी चेहरा दाखवत नाही. 2016 साली जपानमध्ये किझुना आई (Kizuna AI) हे यूट्यूबवरचं संगणकी पात्र आलं, तेव्हापासून कॅमेऱ्यासमोरच्या चेहऱ्याबरोबर हलणाऱ्या चित्रांची मला ओढ. माझं पात्र तंबाखूच्या वखारीतला म्हातारा मुनीम. चार महिने त्याची गोष्ट चालली. एका भागात तो आजारी पडला, मी खोकत बोललो. तेवढ्यात सुपरचॅट, म्हणजे पैसे लावून पाठवलेला मेसेज, आला: पाचशे रुपये, "मुनीमकाका, औषध घ्या."

माझा आवाजच बसला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आई म्हणायची. इथं माझ्या सोंगाला खरे पैसे आले होते, बहुतेक खऱ्या काळजीनं. मी चित्र बंद केलं, माझा चेहरा दाखवला आणि सांगितलं, "मुनीम गोष्टीतला आहे, मी ठणठणीत आहे, पैसे परत घ्या." काही जण नाराज झाले, गोष्ट मोडली म्हणाले. त्या ताईंनी मात्र लिहिलं, "माहीत होतं. तरी पाठवले." ते मी अजून वाचतो. मी चुकलो का?

शहापूरहून
निपाणीकर, मला तरी चुकलात असं वाटत नाही. मी मंडळाच्या चित्ररथावर सहा वर्षं उभा राहिलोय. चौक संपला की आम्ही पगडी काढून लोकांसमोरच पाणी पितो, मग पुन्हा चढवतो. लाइव्हवरही तेच ठेवलंय. सुरुवातीलाच सांगतो: पगडी डोक्यावर असली की सरदार बोलतोय, मांडीवर असली की मी. मुनीमाकडे चष्मा आहे ना?