पुराच्या किटमध्ये बाळंतिणी आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळं काय द्यावं?

कृष्णाकाठ
शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांसाठी पावसाळ्याआधी किट ठरवायचं आहे. 2019 किंवा 2021 सारखं पाणी चढलं तर चारशे घरांना आठवडाभर पुरेल असं. आत्ताची यादी : गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, मीठ, बिस्किटं, नूडल्स, दूध पावडर. ज्या घरात गरोदर बाई, बाळंतीण किंवा लहान मूल आहे तिथे दीडदोनशे रुपये जास्त घालता येतील. ते कशावर घालावेत?

पोषण_मिरज
आधी दूध पावडर यादीतून काढा. पुरात पाणी गढूळ, इंधन अपुरं, बाटली उकळायची सोय नाही. त्यात पावडर पुरवून पुरवून पातळ करून पाजली जाते. बाळाला जुलाब लागतात आणि अंगावरचं पाजणं कमी झालं की दूधही कमी होतं. बाळाची दूध पावडर आणि बाटल्या अशा वाटायला 1992 च्या कायद्याने बंदीच आहे.

‘घाबरल्यामुळे दूध आटलं’ हे शिबिरात हमखास ऐकू येतं. ताणामुळे पान्हा उशिरा फुटतो, दूध बनणं थांबत नाही. बाळाला वारंवार अंगावर घेतलं की तो येतो. त्यासाठी शाळेतला एक वर्ग फक्त बायकांसाठी ठेवा, दाराला पडदा, आत पाण्याची कळशी. खर्च जवळजवळ शून्य आणि किटमधल्या कुठल्याही पाकिटापेक्षा उपयोग जास्त. आई खरोखरच नसेल किंवा पाजू शकत नसेल, तर ते बाळ आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली द्या. तो निर्णय वाटप करणाऱ्यांनी घेऊ नये.

आता पैसे कुठे घालायचे ते. माणशी दिवसाला 2100 कॅलरी हा आपत्तीतला सर्वसाधारण हिशोब. पाच माणसांना सात दिवस त्यातला मोठा भाग साधारण 14 किलो धान्य, 2 किलो डाळ, 1 लिटर तेल यातून भागतो. पण बाळंतिणीला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात, गरोदर बाईला 350. आणि वर्षाच्या मुलाचं पोट एवढंसं, त्यात भात-आमटीचं पाणी गेलं की जागा संपली. त्याला थोडक्यात जास्त ऊर्जा असलेलं काहीतरी हवं. भाजलेल्या पिठाची पाकिटं करा. मुलाला रोज 60 ग्रॅम, आईला 100 ग्रॅम आणि जोडीला 40 ग्रॅम शेंगदाण्याची चिक्की. चिक्की आईसाठीच आहे हे देताना बजावून सांगा. लहान मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकतो.

गिरणीवाला
पिठाचं प्रमाण, 50 किलोला : तांदूळ किंवा गहू 25, पंढरपुरी डाळं साडेबारा, शेंगदाणे 5, पिठीसाखर साडेसात. शंभर ग्रॅमला सुमारे 380 कॅलरी आणि 12-13 ग्रॅम प्रथिनं बसतात. पंढरपुरी डाळं भाजलेलंच येतं. तांदूळ आणि दाणे वेगवेगळे भाजा, एका कढईत घातले तर दाणे जळतात आणि तांदूळ कच्चा राहतो. खवट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे आधीच निवडून टाका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

चुका होतात त्या तीन. गूळ घातला की पिठात ओल धरते आणि गोळे होतात, म्हणून पिठीसाखर. गरम पीठ पिशवीत भरलं तर आत घाम येतो आणि चार दिवसांत वास मारतं. पीठ चादरीवर पसरून पूर्ण निवू द्या. तिसरी चूक म्हणजे गिरणीत आधी मिरची दळलेली असणं. पहिला किलो-दीड किलो बाजूला काढा. दाण्यांच्या तेलामुळे पीठ महिनाभरच चांगलं राहतं. मे महिन्यात दळून ठेवू नका, धान्य निवडून तयार ठेवा आणि नदीची पातळी वाढू लागली की भाजायला घ्या. पिशवीवर तारीख आणि ‘शेंगदाणे आहेत’ हे ठळक लिहा.

कृष्णाकाठ
या पिठाची खीर घट्ट केली तर मूल खात नाही, पातळ केली तर तुम्ही म्हणता तसं पोट पाण्यानेच भरणार. मधला मार्ग?

पोषण_मिरज
आहे. मोड आलेल्या नाचणीचं पीठ. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडकडीत वाळवून, मोड चोळून काढून दळायचं. भाजायचं मात्र अगदी हलकं. चांगलं खरपूस भाजलं तर स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) मरतं आणि ते साधं नाचणीचं पीठ उरतं.

पाकिटातलं 30 ग्रॅम पीठ दीडेक वाटी पाण्यात शिजवून चमचा उभा राहील इतकं घट्ट करा. खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा, मग हे मोडांचं पीठ अर्धा छोटा चमचा घालून ढवळा. उकळत्यात घातलं तर काही होणार नाही. थोड्याच वेळात खीर डोळ्यांदेखत सैल होते, पाणी न वाढवता. मग पुन्हा एक उकळी, कारण मोडांच्या पिठात जंतू असू शकतात. वरून चमचाभर तेल. दिवसातून दोनदा, दर वेळी ताजी.

सेविका_शिरोळ
घरांची संख्या अंदाजाने धरू नका. गरोदर, स्तनदा आणि मुलांची नावं अंगणवाडीच्या नोंदीत असतात. मोठ्या किटमध्ये पाकीट टाकलं तर ते सगळ्या घरात वाटलं जातं, म्हणून वेगळ्या रंगाची पिशवी आणि ती आईच्याच हातात, नाव विचारून.

तूरडाळीऐवजी मूगडाळ द्या, लवकर शिजते. ओल्या सरपणावर तूर शिजवणं म्हणजे शिक्षा. बिस्किटं-नूडल्सच्या जागी पोहे आणि डाळं. तेल-मीठ घेताना निळं ‘+एफ’ चिन्ह (पोषकद्रव्यं घातल्याची खूण) पाहून घ्या. पाण्यासाठी क्लोरीनचं औषध आणि ओआरएसची पाकिटं त्याच पिशवीत.

वाटप करताना सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजा. 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर पिशवी देऊन मोकळं होऊ नका. त्या मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. पावलं बघताना चिखल आधी धुवा, नाहीतर खड्डा दिसत नाही.