वायर आहे तर रिपीटर कशाला?

दादा, मागच्या खोलीपर्यंत लॅनची (राउटरपासून नेटची) वायर आलीय म्हणता आणि तरी तिथे वायफाय पोचवायला रिपीटर घ्यायचं चाललंय? नका घेऊ. स्वस्तातला रिपीटर हवेतूनच सिग्नल घेतो नि हवेतूनच पुढे देतो, त्यात वेग निम्म्यावर येतो.

आमचं लातूरकडचं घर जुनं, माळवदाचं. दगड-मातीच्या भिंती दीड-दोन हात रुंद. ओसरीतलं वायफाय माजघरातच दम तोडायचं. कपाटात पडलेला जुना राउटरच मी ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे वायरीतून नेट घेऊन तिथे वायफाय देणारा. आधी तो लॅपटॉपला जोडून त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) १९२.१६८.१.२ केला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे) आणि डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप असे पत्ते वाटायची सोय) बंद. हे विसरलात तर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात. घरात एकाचं नेट चालतं, दुसऱ्याचं नाही. माझं तसंच झालं, अर्धा दिवस उगाच केबलवाल्याला शिव्या घातल्या! वायर जुन्या राउटरच्या लॅनच्या पोर्टात खोचा, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही.

नाव, पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल (वायफायच्या लहरींचा पट्टा) मात्र वेगळे, म्हणजे एकमेकांत अडथळा नको: इकडे १, तर तिकडे ६ किंवा ११.

नवाच ॲक्सेस पॉइंट घेणार असाल तर पीओईवाला (पॉवर ओव्हर इथरनेट) बघा, म्हणजे त्याच वायरीतून वीजही जाते. स्विच (नेटच्या वायरी जोडायचा डबा) तेवढा पीओईचा लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटचे काय हाल असतात ते सांगायला नको. राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर घेतले की मागच्या खोलीतला पॉइंटही चालू राहतो.