'मुल्की' म्हणजे नेमकं कोण?

मांजराकाठ (लातूर)

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी भाचीचा लेख मराठीत आणतेय. ती बरीच वर्षं जर्मनीत आहे. तिथलं राजकारण आणि रोजचं जगणं यावर तिनं इंग्रजीत लिहिलंय. बराचसा मजकूर सरळ उतरला. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही. काचेच्या बाटल्या चौकातल्या डब्यात टाकायच्या त्याही रविवारी नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत द्यायची आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ती परत घ्यायची. हे सगळं तिनं फार आपुलकीनं लिहिलंय.

अडलं ते पुढच्या परिच्छेदात. २३ फेब्रुवारी २०२५ ला तिथं संसदेची निवडणूक झाली. तिच्या जिन्यातले सगळे शेजारी मत देऊन आले, येताना बेकरीतून पाव घेऊन आले. ही घरात बसून संध्याकाळी निकाल बघत राहिली. बाहेरून आलेल्यांच्या विरोधात प्रचार करणाऱ्या एएफडी या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. ती कर भरते, पेन्शनचा हप्ता पगारातून कापला जातो, कायम राहायचा परवाना हातात आहे. ती म्हणते, इथे राहायचा हक्क मिळालाय, इथलं काही ठरवायचा नाही. अशा माणसाला तिचा शब्द 'पर्मनंट रेसिडेंट'. मी लिहिलं, 'मी इथली मुल्की आहे, नागरिक नाही.'

मुद्रितं तपासणारे गृहस्थ पुण्याचे. त्यांनी 'मुल्की'वर काट मारून शेरा लिहिला, 'मुलकी म्हणजे महसुली. इथे अर्थ लागत नाही.' आमच्या औशाच्या घरात आजोबा सर्रास म्हणायचे, 'ह्यो मुल्की हाय, त्यो गैरमुल्की.' म्हणजे या मुलखात राहून इथला झालेला माणूस. हा अर्थ अजून कुणाच्या कानावर आहे का?

अक्षरओळख (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. मराठीत 'मुलकी'चा अर्थ ठरलेला आहे: लष्करी नाही तो, किंवा महसुलाचा. मुलकी सत्ता, मुलकी कारभार. वाचक तोच अर्थ लावणार. शिवाय मुळात अरबी शब्द आपण कशाला पुन्हा उकरून काढायचा? 'स्थायी निवासी' लिहा. स्वच्छ आहे, कुणालाही कळतो. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

निवृत्त पेशकार (कंधार)

मांजराकाठ ताई, तुमचे आजोबा बरोबर बोलत होते. शब्द घरगुती नव्हे, सरकारी होता. हैदराबाद संस्थानात १९१९ च्या फर्मानानं मुल्की कोण ते ठरलं होतं. संस्थानात जन्मलेला तर मुल्कीच. पण बाहेरून आलेलाही मुल्की होऊ शकत असे. १५ वर्षं संस्थानात राहायचं आणि मूळ गावी परत जायचा विचार सोडला असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. सरकारी नोकरी मुल्कीला, म्हणून या शब्दावर लोकांचं पोट होतं.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मद्रास, मुंबई, मध्यप्रांतातून अधिकारी आले आणि गैरमुल्कीविरुद्ध असंतोष वाढला. १९५२ ला हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, तिथून आपल्याकडे हा शब्द आटला. तेलंगणात तो पुढेही धगधगत राहिला, १९७३ मध्ये कायदा करून मुल्की नियम रद्द करावे लागले. म्हणून लातूरच्या म्हाताऱ्या माणसाला जो शब्द कळतो तो पुण्याच्या माणसाला कळत नाही.

आणखी एक. पुण्याकडे महसूल बघणारा तो मुलकी पाटील. आपल्याकडे तोच माली पाटील, आणि दुसरा पोलीस पाटील. महसुलासाठी आपल्याकडे 'माल' हा शब्द होता, त्यामुळे 'मुल्की' माणसासाठी मोकळा राहिला. ही माझी समजूत, पण पटण्यासारखी आहे.

मांजराकाठ (लातूर)

काका, मूळ गावी परत जाणार नाही हे लिहून द्यायचं! भाचीच्या लेखात नेमका हाच पेच आहे. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालतील असा कायदा केला आणि ८ वर्षांची अट ५ वर आणली. पण आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट गेला. तिच्या नावावर औशाला वडिलांची जमीन आहे, ती राहील. पण पुढे शेजारचं अर्धा एकर विकायला निघालं तर तिला घेता येणार नाही. शेतजमिनीच्या खरेदीची ही आडकाठी तिला आत्ताही आहे, कारण ती अनिवासी आहे. पण आज परत आली तर ती उठेल, पासपोर्ट बदलल्यावर उठणार नाही. ती लिहिते की फॉर्म भरलेला आहे, सही राहिली आहे. म्हणून मला 'मुल्की'च हवा वाटतोय. 'स्थायी निवासी'मध्ये ही घालमेल येत नाही.

गोदाकाठची (नांदेड)

पण ताई, निजामाच्या राज्यात राज्य कुणी चालवायचं हे साध्या मुल्की माणसालाही ठरवता येत नव्हतं. मुल्की आणि गैरमुल्की यांच्यातला फरक नोकरीचा होता, मताचा नव्हे. तुमच्या भाचीला नोकरी आहे, मत नाही. हा शब्द तिचं दुखणं सांगतच नाही.

खाडीपार (मूळ परभणी)

मी सौदीत राहतो, म्हणून जरा वेगळं सांगतो. आमच्या परवान्याला 'इकामा' म्हणतात आणि असा परवानेधारक तो 'मुकीम'. इकामा, मुकीम, आपला मुक्काम, आपलं कायम आणि कौम हे सगळे काफ-वाव-मीम या एकाच अरबी मुळातले. म्हणजे 'कायम रहिवासी' म्हटलं तरी अक्षरओळख सर, अरबी त्यात आलंच. इकामा आणि कायम सख्खे भाऊ आहेत, पण इकामा कायमचा नसतो. आम्हा नोकरदारांचा मुदत संपली की नवा करावा लागतो, तोही मालकाच्या म्हणजे कफिलाच्या नावावर.

राजकारणावर तिथं आम्ही बोलत नाही. पण जुलै २०१७ पासून घरातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल लागू झाले, दर वर्षी १०० वाढत २०२० ला ४०० झाले. तेव्हा इकामा नवा करताना वर्षाची रक्कम आधीच भरावी लागे. बायको आणि लेकरं परभणीला परत पाठवली ती त्यामुळे. त्याच जुलै २०२० ला व्हॅट ५ वरून १५ टक्क्यांवर गेला. हे राजकारण नाही तर काय? सहन करणाऱ्याला मत मांडायचा हक्क आहे. ताईंच्या भाचीनं लिहिलंय ते बरं केलं.

दक्षिणगोल (मूळ अंबाजोगाई)

इथे एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. 'मत नसलेला' आणि 'नागरिक नसलेला' हे एकच धरून चाललोय आपण. मी न्यूझीलंडमध्ये आहे, पासपोर्ट अजून भारताचा, आणि मी तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देतो. १९७५ पासून तिथं रहिवाशाला मत आहे. कायम राहायची परवानगी हवी आणि सलग वर्षभर तिथं राहिलेलं हवं, एवढंच. उमेदवार म्हणून मात्र उभं राहता येत नाही, त्याला नागरिकत्व लागतं. मतदानाच्या दिवशी प्रचाराची एकही पाटी रस्त्यावर दिसत नाही, आदल्या रात्रीच काढतात. केंद्रावर मी दोन मतं दिली, एक पक्षाला, एक आमच्या भागातल्या उमेदवाराला. बाजूला कुणी एजंट नाही, वाहनांची रांग नाही. अंबाजोगाईत वाढलेल्या माणसाला ती शांतता विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये तर राष्ट्रकुलातला म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याला संसदेच्या निवडणुकीत मत मिळतं. म्हणजे भाचीनं सोसलं ते त्या देशाच्या कायद्यामुळे. शब्द निवडताना हे लक्षात घ्या. तुम्ही 'मुल्की' छापलात तर सगळ्याच परदेशस्थांची तीच गत असते असं वाचक समजतील.

आणि 'गैरमुल्की' हा शब्द माझ्या आईनं शिवीसारखा वापरलेला ऐकलाय. परका, आपलं पोट मारणारा. एकाला मुल्की म्हटलं की दुसरा आपोआप गैरमुल्की होतो. एएफडीवाले जे बोलतात त्याला आपल्याच भाषेतला शब्द आपण पुरवायचा का?

अक्षरओळख (छत्रपती संभाजीनगर)

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खाडीपार यांनी 'कायम'चं मूळ सांगितलं, ते मान्य. म्हणूनच मी 'स्थायी' म्हटलं होतं. पेशकार काकांनी दिलेला इतिहास मोलाचा, पण इतिहास तळटीपेत शोभतो. चालू वाक्यात वाचकाला ठेच लागता कामा नये.

निवृत्त पेशकार (कंधार)

ठेच लागली तर लागू द्या. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला शब्द पुण्याला कळत नाही म्हणून काढायचा असेल तर उद्या दफ्तरातले 'खासरा', 'सेतवार', 'पेशकार' सगळेच काढावे लागतील. मराठवाड्याच्या मराठीत उर्दू आहे ती काही काल घुसलेली नाही. आमच्या दफ्तरातले जुने कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा याच भाषेच्या जाणकारांना हुडकत फिरावं लागलं.

बरं, संस्कृत शब्दाचं काय झालं तेही बघा. महाराष्ट्र शासनाचा शब्द 'अधिवास'. त्यालाही १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, मुल्कीसारखंच. तहसीलच्या खिडकीवर एकही माणूस 'अधिवास' म्हणत नाही. 'डोमिसाइल काढायचंय' असंच म्हणतात. मी उभी नोकरी त्या खिडकीमागे काढली.

गोदाकाठची (नांदेड)

मग 'परदेशी' हाही शब्द बघा. आपल्याकडे परदेशी हे आडनाव आहे. उत्तरेतून येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं. मराठी बोलतात, इथलीच आहेत, मत देतात, निवडून येतात, पण नाव परदेशी. माझ्या वर्गात होती एक. तिला तुम्ही कुठल्या कुठल्या म्हणून विचारलं की ती म्हणायची, 'हदगाव.' सरकारी कागदापेक्षा लोक काय हाक मारतात तेच टिकतं.

काळीमाती (जालना)

मला एक विचारायचंय. दुसऱ्या देशात राहून तिथल्या निवडणुकीवर टीका करायची, आणि इकडे घरच्या ग्रुपवर आरक्षणावर, पाण्यावर आम्हाला शिकवायचं, हे दोन्ही कसं चालतं? जायकवाडीत किती पाणी सोडलं यावर भांडण इथल्या माणसाचं आहे. तिकडच्यांनी तिकडचं बघावं.

दक्षिणगोल (मूळ अंबाजोगाई)

काळीमाती दादा, आमचं म्हातारं माणूस त्या टँकरच्या रांगेत उभं असतं. मी बोलणार. आणि कायदाही मला बोलू देतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारयादीत नाव घालता येतं, २०१० च्या दुरुस्तीनं तो हक्क दिलाय. फक्त मत द्यायला स्वतः गावात हजर राहावं लागतं, आणि विमानाच्या तिकिटाचा खर्च कुणाला परवडणार. उलट ज्यांनी पासपोर्ट बदलला त्यांच्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात 'सिटिझन' हा शब्द आहे, आणि मत नाही. 'नागरिक' म्हणायचं आणि नागरिकाचा मुख्य हक्क द्यायचा नाही, हा सगळ्यात मोठा शब्दांचा घोटाळा आहे. चर्चा त्यावर व्हायला हवी.

चिंचाळा (बीड)

मत द्यायला हजर राहावं लागतं म्हणून तुम्ही परदेशाचं सांगता. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आमच्या तांड्यावरच्या टोळ्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेल्या. उचल घेतलेली, कोयता सोडून येता येत नाही. काहींना गाड्या करून आणलं, बाकीचे राहिले. यादीत नाव आहे, ओळखपत्र आहे, नागरिक आहेत, फक्त त्या दिवशी गावात नाहीत. भाचीचं दुःख खरं आहे. पण मत नसलेल्या माणसाला शब्द शोधताय तर पहिला शब्द यांच्यासाठी शोधा. दिवाळी अंकात यांच्यावर लेख आहे का?

मांजराकाठ (लातूर)

नाही. असायला हवा. दादा, तुम्ही लिहाल का? पानं अजून लागलेली नाहीत, आठ-दहा दिवस आहेत. लेख तुमच्या बोलीतच द्या, मी त्याला हात लावणार नाही आणि पुण्याच्या गृहस्थांनाही लावू देणार नाही.

चिंचाळा (बीड)

लिहितो. मुकादमाला विचारून नावं न घालता लिहितो.

काळीमाती (जालना)

मुकादम म्हणजे मुक्कामावरचा माणूस ना? खाडीपार यांनी सांगितलं त्याच मुळातला. टोळीचा मुक्काम सांभाळतो तो मुकादम.

खाडीपार (मूळ परभणी)

नाही दादा. मुकादम काफ-दाल-मीम वरून. मूळ मुकद्दम, पुढे केलेला, अग्रभागी असलेला. कदम म्हणजे पाऊल, तेही त्याच मुळातलं. मुक्कामाशी संबंध नाही.

निवृत्त पेशकार (कंधार)

बरोबर. जुन्या कागदांत गावच्या पाटलालाच मुकद्दम लिहिलेलं सापडतं. तोच शब्द उसाच्या फडावर कसा गेला ते शोधण्यासारखं आहे.

काळीमाती (जालना)

मग कदम हे आडनावही तिथलंच?

अक्षरओळख (छत्रपती संभाजीनगर)

मुळीच नाही. ते कदंब राजवंशावरून आलेलं आहे. प्रत्येक शब्द अरबीच्या दारात नेऊन उभा करू नका.

खाडीपार (मूळ परभणी)

सर, आडनावाचं मी बोललोच नाही. पावलाचं बोललो.