लेकीचं क्लॅरिनेट नुसतं चिरकतंय, काय करू?

लेक 10 वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये नुकतीच गेलीये. क्लॅरिनेटच हवं म्हणाली, पण आठवडाभर नुसतं चीं चीं, आणि ती रडवेली होते.

– अहो सुरुवातीला सगळ्यांचंच चिरकतं! रीड (तोंडात धरायच्या भागावर लावलेली वेताची पातळ पट्टी) किती नंबरची, म्हणजे किती कडक आहे बघा, नवशिक्यांना 2 किंवा 2.5 बरी, वाजवायच्या आधी मिनिटभर तोंडात ओली करू दे, आणि टोकाला बारीकशी जरी चीर असली तरी बदला.

– भोकं नीट झाकतायत का? वाजवून झाल्यावर बोटांवर पूर्ण गोल वळ दिसले पाहिजेत, अर्धेच दिसले तर तिथूनच हवा निसटतेय, माझ्या मुलाचं अगदी हेच होतं. रोज 10-15 मिनिटंच, पण रोज.

– विकत घाईने घेऊ नका, आधी भाड्याने बघा.